मुस्लिमबहुल देशात गेल्यावर तुमचा कोणता समज मोडला?

पायवाट (धागाकर्ती)

उझबेकिस्तानातल्या समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन बाजूंना तीन मदरसे आहेत. त्यातला शेरदार मदरसा १६१९ ते १६३६ या काळात बांधला गेला. त्याच्या मोठ्या कमानीवर दोन पट्टेरी वाघ पांढऱ्या हरणांमागे धावताना दाखवलेत आणि प्रत्येक वाघाच्या पाठीवर सूर्य उगवतोय. त्या सूर्याला चक्क माणसाचं तोंड आहे. डोळे, भुवया, नाक, सगळं. मी मान वर करून बघतच राहिले. इस्लामी इमारतीवर माणसाचं, प्राण्याचं चित्र असूच शकत नाही, हे घरून निघताना मला अगदी पक्कं ठाऊक होतं.

तिकीट खिडकीपाशी एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांना खुणेनं विचारलं, हे कसं काय? त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला उझबेक. त्यांनी पर्स उघडली, एका कप्प्यातून २०० सोमची जुनी मळकी नोट काढली आणि माझ्यापुढे धरली. नोटेवर तोच वाघ, पाठीवर तोच सूर्य. माझ्या ‘कसं काय’ला उत्तर मिळालं नाहीच, पण त्यांना मुळात हा प्रश्नच पडत नाही एवढं कळलं.

परत आल्यावर प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: “एकटी? मुस्लिम देशात?” जणू ‘मुस्लिम देश’ नावाचा एकच देश आहे. असे देश पन्नासाच्या आसपास आहेत. जगातल्या मुसलमानांपैकी साधारण एक पंचमांश मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेत राहतात, निम्म्याहून कितीतरी जास्त आशियाच्या उरलेल्या भागात. सर्वांत जास्त मुसलमान इंडोनेशियात, जिथे वाळवंट औषधालाही नाही. ट्युनिशियाने बहुपत्नीत्वावर १९५६ मध्येच बंदी घातली. नव्वद टक्क्यांहून जास्त मुस्लिम असलेल्या सेनेगलने स्वतंत्र झाल्यावर पहिला राष्ट्राध्यक्ष निवडला तो कॅथलिक, लेओपोल्ड सेंगॉर, आणि तो १९८० पर्यंत वीस वर्षं त्या पदावर होता. दुसरीकडे अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद. या सगळ्यांना एकाच पिशवीत कसं कोंबायचं?

आणखी एक. मी जाऊ शकले ती उझबेकिस्तानने २०१८ मध्ये ई-व्हिसा सुरू केला म्हणून. ताश्कंदच्या कुठल्याशा कचेरीत कुणीतरी सही केली आणि माझी त्या पर्सवाल्या बाईंशी गाठ पडली. म्हणून धाग्यात दोन्ही येऊ द्या: स्वतःच्या पायांनी मोडलेले समज, आणि डिप्लोमसीने मोडलेले (किंवा न मोडलेले). ऐकीव नको, अनुभव हवेत.

टिवल्याबावल्या

वाचतोय. वाघाचा फोटो टाका की.

शिळोप्याचा

छान धागा. माझं उदाहरण बाकूचं. अझरबैजान, शियाबहुल देश. शहराबाहेर सुराखानी भागात आतेशगाह म्हणून अग्निमंदिर आहे. जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूवर तिथे ज्वाळा पेटत असायची. हिंदुस्थानातून गेलेले व्यापारी आणि साधू तिथल्या खोल्यांमध्ये राहायचे. दारांवर शिलालेख आहेत. एकापाशी वाकून बघितलं तर ‘श्री गणेशाय नमः’, देवनागरीत! खाली संवत १८०२, म्हणजे इसवी सन १७४५ च्या सुमाराचा. पहारेकऱ्याला मी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्याने आणखी दोन दारं दाखवली आणि म्हणाला, “हे पण वाच.” दुसरा लेख गुरुमुखीत निघाला, माझी फजिती झाली.

आता ते संग्रहालय आहे आणि अझरी सरकार ते नीट सांभाळतं. आपले व्यापारी तिथे जाऊन राहायचे आणि त्यांची देवळं तिथे उभी राहायची, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

रोखठोक

धागा चांगला आहे, पण सुरुवातीलाच थोडं पाणी ओततो. समरकंद आणि बाकू सत्तर वर्षं सोव्हिएत राजवटीत होते. तिथला मोकळेपणा इस्लामच्या खात्यावर जमा करायचा की मॉस्कोच्या? आणि सगळ्या प्रवासवर्णनांत एक ठरलेला प्रसंग असतो: अनोळखी माणसाने घरी नेलं, चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. ठीक. चहा पाजला म्हणून कायदा बदलला का? इराणमध्ये डोकं झाकणं बाईला कायद्याने सक्तीचं आहे. २०२२ मध्ये महसा अमिनी त्याच कारणावरून पकडली गेली आणि कोठडीत असताना तिचा मृत्यू झाला. पाहुण्याला गोड बोलणं सगळ्याच देशांत असतं. देश कसा आहे हे कळायला तिथला नागरिक होऊन बघावं लागतं, त्यातही बाई होऊन.

पायवाट (धागाकर्ती)

@रोखठोक, मॉस्कोचा मुद्दा निम्मा मान्य. पण शेरदार बांधला तेव्हा मॉस्को तिथून फार लांब होतं. समोरचा उलूगबेग मदरसा तर १४१७-२० चा. तो बांधणारा तैमूरचा नातू वेधशाळेत बसून १०१८ ताऱ्यांची सारणी करत होता. हेही सोव्हिएतांच्या खात्यात घालू नका म्हणजे झालं. :)

@टिवल्याबावल्या, फोटो रात्री टाकते.

अबोली

इराणचा विषय निघालाच आहे तर लिहिते. मैत्रिणीबरोबर गेले होते, दोन आठवडे.

आधी माझी फजिती. इस्फहानमध्ये टॅक्सीतून उतरताना पैसे विचारले तर चालक छातीवर हात ठेवून म्हणाला, “गाबेली नदारे.” म्हणजे ‘तुमच्यापुढे याची काय किंमत!’ मी गहिवरले. इराणी माणसं किती दिलदार, हे निघण्याआधी वाचलेलं होतंच. दोनदा आभार मानले आणि चालायला लागले. मागून हॉर्न, मग हॉटेलच्या दारातला पोरगा धावत आला. त्याने हसू दाबत समजावलं की याला तआरोफ म्हणतात. तो नको म्हणणार, तुम्ही आग्रह करायचा, तो पुन्हा नको म्हणणार, तुम्ही पुन्हा पुढे करायचे, मग तो घेणार. मग पैसे देतानाही गोंधळ, कारण नोटेवर लिहिलेलं रियालमध्ये आणि बोलणं सगळं तोमानमध्ये, म्हणजे एक शून्य कमी. चालक बिचारा लाजून लाल झाला होता.

हे सांगायचं कारण, माझा मोडलेला समज ‘इराणी लोक वाईट’ हा नव्हताच. ‘इराणी लोक फुकट फिरवतात’ हा होता! प्रवासवर्णनं वाचून तयार झालेले गोग्गोड समजही समजच असतात.

आता @रोखठोक यांचा मुद्दा. शिराजला कवी हाफिजच्या कबरीपाशी संध्याकाळी माणसं जमतात. हाफिजचं दीवान, म्हणजे त्याचा काव्यसंग्रह, कुठलंही पान धरून उघडायचं आणि जी गझल येईल तो आपला कौल मानायचा. आम्ही पायरीवर बसलो होतो. वाऱ्याने माझा रुमाल मागे सरकला, मी घाईने पुढे ओढला. शेजारी साठी उलटलेल्या एक काळ्या चादरीतल्या (डोक्यापासून पायापर्यंत पांघरायचं वस्त्र) बाई होत्या. त्यांनी हात पुढे करून तो पुन्हा मागे सारला आणि हाताने वारा घालण्याची खूण केली. स्वतःची चादर मात्र अंगभर घट्ट. कायदा जिथे होता तिथेच होता. फाटकाशी बोर्डही होता. पण चादर घेणारी बाई म्हणजे सक्तीच्या बाजूची, हे समीकरण मी डोक्यात घेऊन गेले होते ते तिथे राहिलं.

रोखठोक

@अबोली, हा प्रसंग आवडला. प्रामाणिकपणे.

अबोली

थँक्यू. आणि पुरती गुंतागुंत सांगायची तर इराणच्या संसदेत ज्यू, पारशी, आर्मेनियन आणि असिरियन ख्रिश्चनांसाठी मिळून पाच राखीव जागा आहेत. इस्फहानच्या जुल्फा भागातलं आर्मेनियन कॅथेड्रल आम्ही बघितलं, आतून भिंती चित्रांनी गच्च. आणि त्याच देशात बहाई धर्माच्या लोकांना मान्यताच नाही, त्यांचा छळ होतो. दोन्ही खरं आहे.

टिवल्याबावल्या

आता माझी टिवली. जावा बेटावर प्रंबानन देवळांच्या पार्श्वभूमीवर १९६१ पासून रामायणाचं नृत्यनाट्य होतं. मुखवट्यात घामाघूम झालेला हनुमान खेळ संपल्यावर बाहेर फोटोसाठी उभा होता. मी आपला टिपिकल प्रश्न विचारला: “तुम्ही मुस्लिम असून रामायण करता?” त्याने मुखवटा वर केला आणि विचारलं, “असून म्हणजे?” मी त्या ‘असून’वर अजून विचार करतोय.

पण थांबा. आपल्याकडे ‘इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती’ असा फॉरवर्ड फिरतो. १९९८ च्या २०,००० रुपियाच्या नोटेवर गणपती होता हे खरं, पण ती मालिका केव्हाच चलनातून गेली. फॉरवर्डवाले ती आजही चालू असल्यासारखं सांगतात आणि वर म्हणतात, बघा, ते मनाने आपलेच. नाही हो. ते मनाने त्यांचेच आहेत. २०१७ मध्ये जकार्ताच्या ख्रिश्चन गव्हर्नरला धर्मनिंदेच्या आरोपावरून दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही याच देशात. @अबोली म्हणते तसं, गोग्गोड समज.

जुना गल्फकर

मंडळी, मी मस्कतला चौदा वर्षं काढली. त्यातली पहिली बरीच वर्षं एकाही ओमानी माणसाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. ऑफिसात वरचा साहेब ओमानी किंवा गोरा, हाताखाली आपलेच, शेजारी आपले, शुक्रवारी भेटायचे ते आपले. त्यात स्पॉन्सरची पद्धत, नोकरी बदलायची तर त्याची परवानगी. तेव्हा ‘प्रवास केला, तिथे राहिलो, म्हणून गैरसमज गेले’ हे माझ्या बाबतीत साफ खोटं. उलट तिथे राहून दोन-चार नवे तयार झाले. ‘हे लोक काम करत नाहीत’ हा त्यातला मुख्य.

तो मोडला २००७ च्या जूनमध्ये. गोनू चक्रीवादळ आलं. वाद्या, म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढे, रस्ते खरवडून घेऊन गेले. समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प बंद पडले आणि नळाला पाणी नाही. टँकर आला की गल्लीतले सगळे रांगेत. माझ्या पुढे एक ओमानी गृहस्थ, पांढरी दिश्दाशा (तिथला पायघोळ झगा) गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, दोन्ही हातांत प्लास्टिकचे डबे. नंतर कळलं की ते कुठल्याशा खात्यात मोठे अधिकारी होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरातला गाळ आम्ही चार जणांनी उपसला, तिसऱ्या दिवशी त्यांची मुलं आमच्या जिन्यात फावडी घेऊन. त्यांचे वडील माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलले. त्यांना आपला रुपया आठवत होता. आखातासाठी रिझर्व्ह बँक १९५९ पासून वेगळा रुपया छापायची, तो ओमानमध्ये १९७० पर्यंत चालला. म्हातारबुवा म्हणाले, तुझं पाकीट आमच्याकडे चालायचं. पुढची सगळी वर्षं ईदला मी त्यांच्याकडे.

एवढंच म्हणणं की वर्षं मोजू नका. रांगेत पुढे-मागे उभे होतात का ते बघा.

निळी शाई

@जुना गल्फकर, तुम्ही नकळत गॉर्डन ऑलपोर्ट सांगितलात. या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की दोन गटांची नुसती भेट पुरत नाही. भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि वरून, म्हणजे कायदा, संस्था, अधिकारी यांचा पाठिंबा हवा. टँकरच्या रांगेत पहिल्या तीन गोष्टी आपोआप जमल्या. पॅकेज टूरमध्ये बहुधा एकही जमत नाही: आपलाच ग्रुप, आपलाच स्वयंपाकी, स्थानिक माणूस भेटतो तो सामान उचलणारा.

दोन अभ्यास सांगते, दोन्ही मला आवडतात. पाकिस्तानात हजला जायला अर्ज जास्त येतात म्हणून सोडत काढतात. २००६ च्या सोडतीत नंबर लागलेले आणि न लागलेले अशा दोन्ही गटांशी संशोधक नंतर बोलले. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: जाऊन आलेले लोक इतर पंथांबद्दल, इतर देशांबद्दल, बिगरमुस्लिमांबद्दलही जास्त सहिष्णू झाले होते आणि मुलींच्या शिक्षणाला जास्त अनुकूल. म्हणजे धर्माच्या केंद्राकडे गेलेला माणूस जास्त कडवा होऊन परततो हा समजही चुकीचा. प्रवासच तो, कानाकोपऱ्यातून आलेल्या माणसांबरोबरचा.

दुसरा इराकमधला. आयसिसमुळे घरं सोडावी लागलेल्या ख्रिश्चनांच्या फुटबॉल संघांत काहींमध्ये मुस्लिम खेळाडू घातले, काहींमध्ये नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्र संघातले ख्रिश्चन खेळाडू सहा महिन्यांनीही मुस्लिमांबरोबर सराव करत होते. मैदानावर बदल घट्ट होता. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांच्या बाबतीत, तो फारसा झिरपला नाही. ‘माझ्या टीममधला चांगला आहे, बाकीच्यांचं माहीत नाही.’ ओळखीचं वाटतंय ना वाक्य?

रोखठोक

@निळी शाई, हेच तर म्हणतोय! ‘आमचा अमुक चांगला आहे हो’ म्हणणाऱ्यांची मतं तसूभर बदलत नाहीत.

आणि डिप्लोमसीचं काय? फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, मे महिन्यात कारगिल. २०१५ चा इराण अणुकरार घ्या, त्याआधीच्या गुप्त बैठका मस्कतला झाल्या, जगभर टाळ्या. २०१८ मध्ये अमेरिका बाहेर पडली. फोटो छान येतात, एवढंच.

मिडविकेट

मी २४ मार्च २००४ ला लाहोरच्या गद्दाफी स्टेडियममध्ये होतो. पाचवी वनडे, मालिका २-२. लक्ष्मणचं शतक, आपण ४० धावांनी जिंकलो. भोवती सगळं स्टेडियम त्यांचं. आपण जिंकल्यावर बाहेर कसं पडायचं याची आम्ही आधीच योजना करून ठेवली होती, घोषणा द्यायच्या नाहीत, तिरंगा गुंडाळून पिशवीत, वगैरे. बाहेर पडलो तर एका रिक्षावाल्याने स्वतःहून थांबून विचारलं, इंडिया से? हो म्हटलं. हॉटेलपर्यंत सोडलं आणि पैसे घेईना. (तेव्हा मला तआरोफ माहीत नव्हता, पण हा तआरोफ नव्हता. नोट खिशात कोंबली तर त्याने ती काढून माझ्या खिशात कोंबली.) वाटेत तो लक्ष्मणच्या मनगटाबद्दल बोलत होता.

त्याचा नंबर मी डायरीत लिहून घेतला होता. पुढे दोन-तीन ईदला फोन झाले. २००८ च्या नोव्हेंबरनंतर मी केला नाही, त्यानेही केला नाही. त्यामुळे @रोखठोक, तुम्हाला खोडायला माझ्याकडे काही नाही. फक्त तो दौरा सरकारांनी ठरवला नसता तर ही डायरीही नसती.

निवृत्त मास्तर

डिप्लोमसी म्हणजे बस आणि करार एवढंच धरू नका. १९६४ पासून आपलं परराष्ट्र खातं ‘आयटेक’ नावाचा कार्यक्रम चालवतं. विकसनशील देशांतले अधिकारी, तंत्रज्ञ, शिक्षक यांना भारतात आणून काही आठवडे प्रशिक्षण. पेपरात कधी येत नाही. मी अशा वर्गांना बरीच वर्षं शिकवलं.

समज दोन्हीकडे असतात, याचा विसर पडलाय धाग्याला. एका तुकडीत इजिप्तचे एक अधिकारी होते. निरोपाच्या दिवशी म्हणाले, एक कबुली द्यायची आहे. त्यांच्याकडे कुणी आपल्याला बनवायला बघतंय असं वाटलं की म्हणतात, “इंता फाकिरनी हिंदी?” मला काय हिंदी, म्हणजे भारतीय, समजतोस? म्हणजे बावळट समजतोस का. हे ते लहानपणापासून म्हणत आले होते. पहिल्या आठवड्यात डेटाबेसच्या वर्गात त्यांना काही जमेना आणि शेजारच्या आपल्या पोरीने ते दहा मिनिटांत करून दाखवलं, तेव्हा म्हणे ते वाक्य तोंडात आलं आणि घशात अडकलं. वर्गात हशा पिकला. मीही हसलो. घरी जाताना मात्र आपल्याकडच्या म्हणी आणि वाक्प्रचार आठवून बघितले. इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहेत.

अबोली

मास्तर, __/\\__

पायवाट (धागाकर्ती)

मास्तरांची पोस्ट तीनदा वाचली.

दारं उघडण्याबद्दल एक व्यावहारिक भर. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना विमानाने आल्यास १५ दिवस व्हिसामाफी दिली. तिचा फायदा घेऊन दलालांनी नोकरीच्या आमिषाने पोरं तिकडे नेली आणि तिथे त्यांना डांबून खंडणी मागण्याचे प्रकार झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सवलत स्थगित. माझं इराणचं बेत करणं चालू होतं, ते राहिलं. तेव्हा कुणी ‘सहज जाता येतं’ म्हणाला तरी निघण्याआधी दूतावासाचं संकेतस्थळ बघा. आणि इराणमध्ये आपली कार्डं चालत नाहीत, रोख न्यावी लागते.

रोखठोक

माझी मतं आहेत तिथेच आहेत, हे आधी नोंदवतो.

@जुना गल्फकर, ओमानला जायचं तर कोणता महिना?

जुना गल्फकर

😀 नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फक्त सलाला बघायचं असेल तर जुलै-ऑगस्ट, तिथे तेव्हा खरीफ म्हणजे पाऊस असतो, डोंगर हिरवे होतात. मस्कतला सुलतान काबूस मशीद सकाळी बिगरमुस्लिमांना खुली असते, शुक्रवार सोडून. लवकर जा, अकराला बंद करतात. हात-पाय झाकलेले हवेत. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ शंकराचं देऊळ आहे, तेही बघा.

रोखठोक

बायको विचारतेय, मशिदीत ओढणी चालेल का?

जुना गल्फकर

चालेल. केस पूर्ण झाकले जातील एवढी मोठी घ्या, झिरझिरीत नको. आणि वहिनींना सांगा, पिन बरोबर ठेवा. तिथे वारा असतो.